उपाशी पाणी

पाण्यासारखा सोशिक गवंडी त्रिभुवनात नाही. घाई नाही, मजुरी नाही, कुरकुर नाही, आणि बांधकाम मात्र असं की राजवाड्यांनी खाली मान घालावी — हे त्या गाइडचं रोजचं वाक्य, गुहेच्या तोंडाशी लोक गोळा झाले की एका दमात म्हणायचं, आणि गळा तयार राहावा म्हणून सकाळी दाढी करतानाही एकदा म्हणून घ्यायचं. पण आज ‘राजवाड्यांनी’पाशी साबणाचा फेस तोंडात गेला, आणि तो थुंकत असताना त्याच्या लक्षात आलं की टेबलावरची बशी शिट्टी वाजवते आहे.

बशी नव्हे. बशीतलं यंत्र. बायकोचं कानातलं यंत्र, शेंगदाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं — म्हणजे दुकानदार म्हणतो म्हणून कातडीच्या, एरवी असा रंग कुठल्याही जिवंत माणसाचा नसतो — पालथ्या कपाच्या कुशीला टेकून पडलेलं, आणि बारीक, न थांबणारी, तक्रारीची शिट्टी घालणारं. कानातून काढून तसंच चालू ठेवलं की ते स्वतःचाच आवाज ऐकतं, पुन्हा मोठा करून ऐकतं, आणि ओरडायला लागतं, असं दुकानातल्या माणसानं सांगितलं होतं. स्वतःचाच आवाज ऐकून! तेव्हा तो केवढा हसला होता. बंद करायचं तर मागचं नखाएवढं झाकण उघडायचं. सेल बसवायचा तरी तेच झाकण, काढायचा तरी तेच. त्यानं बोट पुढे केलं, मागे घेतलं. तिनं काढून ठेवलेली वस्तू आपण बंद करायची म्हणजे... म्हणजे काय, ते त्याला नीट सांगता आलं नसतं, पण अर्धी दाढी साबणात ठेवून तो बराच वेळ त्या बशीसमोर उभा राहिला.

मागच्या दोरीवर ती कपडे वाळत घालत होती. पाठमोरी. शिट्टी तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. तिचे कान इथे बशीत होते.

यंत्र आलं तेव्हा घरात जणू पाहुणा आला होता. पहिले काही दिवस ती नुसती हसत होती — फ्रिज घुमतो हे तिला ठाऊकच नव्हतं, तुमच्या चपला किती करकरतात हो, आणि हे काय, पाऊस पडताना इतके आवाज असतात? तोही खूश. इतक्या वर्षांत आपल्याला अखेर नीट श्रोता मिळाला, असं त्यानं खिडकीवाल्याला — गुहेची तिकिटं फाडतो त्याला — सांगितलंसुद्धा. त्यावर खिडकीवाला म्हणाला होता, “वहिनींची काळजी घ्या, रेडिओ.” गुहेवर सगळे त्याला रेडिओ म्हणत. आवाजामुळे म्हणतात, अशी त्याची समजूत होती.

आणि मग काल जेवताना —

“तुम्ही दिवसभर हे असंच बोलत असता?”

“असंच म्हणजे कसं?”

“असंच. मी खुर्ची ओढली की ‘पाडा घर’. भांडं ठेवलं की ‘वाजली घंटा’. ताईचा फोन आला की ‘बसली बैठक’. उठले तरी काहीतरी, बसले तरी काहीतरी.”

“अगं, ते बोलणं नव्हे. ती आपली... तोंडाची सवय.”

“हो का.”

तिनं ताटाकडे पाहिलं. मग बोलली, आणि रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, रागाला उत्तर असतं, राग ही दोघांत मिळून करायची गोष्ट आहे, पण ती बोलली ती एखादी हरवलेली वस्तू मुळात घरात नव्हतीच हे कळल्यावर माणूस बोलतं तशी — “मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही काहीतरी चांगलं बोलत असाल.”

मग तिनं ताटं उचलली. मग कपाटावरची बॅग काढली, फडक्यानं पुसली. “ताईकडे जाऊन येईन म्हणते. उद्या संध्याकाळच्या बसनं.”

“किती दिवस?”

“बघू.”

बघू! काय शब्द आहे. आत काही नाही, बाहेर काही नाही, नुसती एक फट. रात्रभर तो त्या फटीत बोट घालून बसला होता, आणि आता गुहेकडे जाणारा चढ चढतानाही तेच — बघू म्हणजे चार दिवस, की बघू म्हणजे महिना, की बघू म्हणजे जे विचारू नये ते? आणि यंत्र बशीत का? ताईकडे न्यायचं नाही म्हणून? की तिथे ऐकण्यासारखं असेल, इथेच लागत नाही म्हणून? तसं असेल तर मग ते आत्ताच काढून ठेवणं म्हणजे... की उलट? उलटही असू शकतं. यंत्र काढून ठेवलं, म्हणजे पूर्वीसारखं राहू या, मी ऐकत नाही, तुम्ही बोला — इतकी दया? ही दया असेल तर ती त्या बॅगेपेक्षा भयंकर, असं वाटून तो चढाच्या मध्यावर थांबला आणि धापा टाकू लागला. शेजारून जाणाऱ्या एका बाईंनी त्याला पाणी हवं का विचारलं. नको म्हणाला. पाणी कशाला.

खिडकीवाल्यानं कौंटरवरून मान बाहेर काढली. “रेडिओ, आज स्टेशन लागत नाही वाटतं?”

“बाटलीवाली बाई आलीय?”

“केव्हाची. ‘जोडप्या’पाशी बसलीय. तुम्हाला बोलावलंय. चेहरा काही बरा नाही बाईंचा.”

बाटलीवाली बाई म्हणजे संशोधक. अधूनमधून यायची, गुडघ्यापर्यंत बूट, कपाळावर दिवा, थेंबांखाली बाटल्या लावून बसायची आणि त्याला काका म्हणायची. आणि ‘जोडपं’ म्हणजे — गुहेच्या पोटात, जिथे वाट वळते आणि छत अचानक वर जातं, तिथे छतातून एक स्तंभ खाली आलेला, आणि बरोबर त्याच्याखाली जमिनीतून एक वर उठलेला, मध्ये हातभर अंतर. शाळेच्या पुस्तकात यांना लवणस्तंभ म्हणतात, मंडळी, पण चाटून बघू नका, मीठ नाही, चुना आहे, फक्त नाव ठेवणाऱ्यानं चाटून बघितलं नव्हतं. हशा. हा वरचा नवरा — आयुष्यभर नुसता गळतो. ही खालची बायको — ऐकून ऐकून उंच होते. मोठा हशा. आणि ते बघा, अलीकडे बायकोनं माथ्यावर ओंजळ धरलीय, नवऱ्याचा एक थेंब वाया जाऊ देत नाही. इथे हशा नाही, इथे ‘आहा’. ओंजळ ही त्याची नवी भर. दोनेक पावसाळ्यांपूर्वी पहिल्यांदा त्याला ती खळगी दिसली, तिच्यात पाणी साठलेलं, त्यात दिव्याचं प्रतिबिंब. आणि तोंडातून शब्द आपोआप आला. ओंजळ. घरी जाऊन त्यानं तो बायकोलाही सांगितला होता. तिनं मान डावीकडे कलती करून, हसून म्हटलं होतं, “हो ना.”

बाई खालच्या स्तंभापाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात एक तार.

“काका, याला तुम्ही ओंजळ म्हणता ना?”

“लोकांना आवडतं.”

बाईंनी तार खळगीत सोडली. तार जात राहिली. बोटभर... त्याहून खोल... तो बघत राहिला.

“हा खड्डा आहे. थेंबानं पाडलेला. आतून पोखरलीय ती.”

“पण थेंबानंच तर बांधली,” तो म्हणाला. त्याचा आवाज घुमला, त्यालाच मोठा वाटला. “तोच थेंब. मी रोज बघतोय. जागा हललेली नाही, काही नाही.”

“जागा तीच. पाणी ते नाही.” बाई तार पुसत म्हणाल्या. “पूर्वी वर माती होती, झाडं होती. पाऊस मातीत मुरायचा, मग खडकातून झिरपत, वाट काढत यायचा. उशीर लागायचा त्याला. वाटेत चुना खाऊन खाऊन पोट भरायचं. इथे पोचेपर्यंत इतकं तुडुंब, की उलट आपल्याजवळचं काहीतरी ठेवूनच जायचं. तेच साचून ही झाली. आता वर गाड्या उभ्या करायला फरशी केलीय. सगळं पाणी एका नळात, आणि नळाचं तोंड नेमकं भेगेवर. सरळ खाली. वाटेत काही खायला मिळालंच नाही. उपाशी पाणी आहे हे, काका. जिथे पडतं तिथेच जेवतं.”

टप्. दोघांच्या मध्ये, ओंजळीत — खड्ड्यात.

“आणि एक सांगू का? राग मानू नका. इथे उभं राहून बोलतो ना आपण, त्या श्वासाचं दव धरतं भिंतीला. तेही खातं. थोडं थोडं.”

“माझ्या एकट्याच्या श्वासानं काय होणार?”

“सगळ्यांच्याच,” बाई म्हणाल्या. “पण बाकीचे निघून जातात.”

तो हसला. खरोखर हसला, चांगल्या वाक्याला दाद द्यायची त्याची जुनी सवय, आणि हे वाक्य चांगलंच होतं. मग विचारलं, “उपाय?”

“वर फरशी उखडायची, माती घालायची. पाण्याला उशीर झाला पाहिजे, एवढंच.”

“मग खड्डा भरेल?”

“भरेलही.” बाईंनी बाटलीचं झाकण फिरवलं. “आपण नसू बघायला.”

पाण्याला उशीर झाला पाहिजे... वर येऊन तो बाकावर बसला. तर असं होतं ते. म्हणजे त्याची वाक्यं — ‘पाडा घर’, ‘वाजली घंटा’, आणि पूर्वी केव्हातरी चांगलीही असतील, असतीलच, सगळीच काही — ती तिच्यापर्यंत पोचायची ती बहिरेपणाच्या केवढ्या थरातून, धार बोथट होत, अर्धीमुर्धी, उशिरा. आणि जे अर्धं यायचं त्यात ती आपल्याकडचं अर्धं घालायची, आणि त्यातून साचलं ते हे, संसार म्हणून जे काही साचलं ते. चुना तिचा होता. सगळा चुना तिचा. त्यानं नुसतं गळण्याचं काम केलं, आणि बांधकाम आपलं समजून लोकांना दाखवत राहिला. आणि मग आपणच तिला दुकानात नेलं, आपणच हट्ट धरला, घे गं, तुला कळेल तरी मी काय बोलतो — आपणच नळ आणून भेगेवर लावला!

फोन करावा. करावाच. तो उठून खिडकीपाशी गेला, खिडकीवाल्याचा फोन ओढला, घरचा नंबर लावला. घंटा वाजू लागली. वाजत राहिली. आणि तेव्हा त्याला बशी आठवली — यंत्र कानात नसेल तर तिला घंटा ऐकू येणार नाही. ऐकू आली नाही म्हणजे ती घरात आहे. किंवा घरात नाही म्हणून उचलत नाही. घरात असली तरी हीच घंटा, गेली असली तरी हीच. रिकाम्या घरात आणि बहिऱ्या घरात फोन अगदी सारखाच वाजतो, हे ज्ञान माणसाला या वयात का व्हावं?

“उचलत नाहीत?” खिडकीवाला म्हणाला. “बाहेर गेल्या असतील.”

“जिभेला हाड आहे का तुझ्या?” तो ओरडला, आणि खिडकीवाला बिचारा तिकिटांच्या गठ्ठ्यात तोंड घालून बसला.

दुपारची टोळी मोठी होती. तो तोंडाशी उभा राहिला आणि वाक्य आपोआप सुटलं — पाण्यासारखा सोशिक गवंडी — आणि गवंडीपाशी अडलं. लोक वाट बघत राहिले. “चला,” तो म्हणाला. त्याच्या इतक्या वर्षांतलं हे सर्वांत आखूड भाषण. पायऱ्या, कठडा, ओल, डोकं सांभाळा, लवणस्तंभाच्या विनोदावर हसले, आणि मग ‘जोडपं’. त्यानं दाखवायला हात वर केला. लोकांनी आपल्याआपण बघितलं, आपल्याआपण ओळखलं — ते बघ, भेटणार आहेत ते — आणि पुढच्या एका बाईंनी विचारलं, “कधी भेटतील हो?”

याचं उत्तर ठरलेलं होतं. तुमच्या-माझ्या हयातीत नाही, पण बोलणी पक्की झालीयत. हशा. तो तोंड उघडून उभा राहिला, आणि उघड्या तोंडातून वाफ निघाली, दिव्याच्या उजेडात ती सरळ खालच्या ‘बायको’कडे जाताना त्यानं पाहिली, आणि त्यानं तोंड मिटलं आणि भिंतीवरचा खटका दाबला.

अंधार. हा रोजचा कार्यक्रम. एक मिनिट कुणी बोलू नका, थेंब ऐका, मग दिवे. टप्...

...हा मी. हा माझा आवाज. बाहेरून असा ऐकू येतो तर. टप्. मी खुर्चीबद्दल बोललो. टप्. मी तिच्या बहिणीबद्दल बोललो. बिनउशिराचा, थेट, एकाच जागी, आणि ती डोकं हलवत नाही, हलवणार कसं, ती जमिनीची आहे. मान डावीकडे कलती करायची तेव्हा मला वाटायचं लाजते. ती कान पुढे करायची, अरे, कान पुढे करायची, अजून थोडं पोचावं म्हणून. घरी असशील ना? नुसती अस. बोलू नकोस, ऐकू नकोस, बॅग भरलेली असू दे, पण अस. मी उशीर करीन. मी एकेक शब्द आधी सगळ्या खडकातून फिरवून आणीन, आला तर आला, न आला तर... टप्. बंद कर ना कुणीतरी हे. कुठे असतं याचं झाकण?

“अहो गाइड...” अंधारातून कुणीतरी म्हणालं. “दिवे?”

“गप्प बसा, कार्यक्रमाचाच भाग आहे,” दुसऱ्यानं दटावलं.

“फार वेळ झाला पण.”

“बरे आहात ना तुम्ही?” तिसरा आवाज, बाईचा.

त्याला खटका सापडेना. बोटं भिंतीवरून फिरली, भिंत ओली होती, दवाची, श्वासाची. आणि शेवटी उजेड झाला तेव्हा लोकांनी — टाळ्या वाजवल्या. कडाडून. त्याच्या सगळ्या वर्षांच्या बोलण्याला मिळाल्या नव्हत्या एवढ्या. बाहेर पडताना एक गृहस्थ त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “काय शांतता होती हो. काटा आला अंगावर.”

संध्याकाळी उतार उतरताना त्यानं वाक्यं जमवायला घेतली. एकच न्यायचं, असं ठरवलं होतं. ‘जाऊ नकोस’ — हे उपाशी. हे तिच्याकडूनच काहीतरी मागतं. ‘माझं चुकलं’ — हेही. तिनं ‘असू दे’ म्हणावं म्हणून टपलेलं. ‘तुला हवं तितके दिवस राहा’ — यात मोठेपणा आपला. औषधाच्या दुकानापर्यंत सात-आठ वाक्यं मेली. बसथांब्यापाशी त्यानं मान वळवली नाही, वळवली, बस उभी होती, काचांवर उजेड चमकत होता, आत कोण कोण ते दिसत नव्हतं, आणि इंजिन सुरू झालं तसा तो चक्क पळाला — बसकडे नव्हे, घराकडे. मग थांबला, परत वळला, आणि तेवढ्यात बस गेली. तो मध्ये रस्त्यात उभा राहिला, ना इकडे ना तिकडे. सायकलवाल्यानं शिवी दिली. बरोबर दिली.

खिडकीत दिवा होता. दिव्यानं काही सिद्ध होत नाही. माणसं दिवा लावून जातात, येणाऱ्याला अंधारात कुलूप सापडावं म्हणून. दाराला कुलूप नव्हतं. त्यानं चपला हातात घेतल्या — करकरतात — आणि आत गेला.

ती टेबलापाशी बसली होती.

बसली होती! बॅग खुर्चीवर, चेन उघडी, आत कपडे. भरत असताना उघडी की काढत असताना उघडी, हे कपड्यांच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं. शिट्टी नव्हती, सेल संपला असावा. बशी धुऊन उपडी घातलेली. टेबलावर नव्या सेलचं पाकीट, आणि त्याच्या शेजारी यंत्राचा तो निळा मखमली डबा, दुकानातून आला तसा, उघडा. यंत्र तिच्या तळहातात. दिव्याखाली धरून ती त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहत होती.

तो समोर बसला. चपला हातातच होत्या. गळ्याशी काहीतरी आलं होतं, कुठल्या कुठल्या थरातून, रस्त्यावरच्या त्या मेलेल्या वाक्यांपैकी नव्हे, वेगळंच. अजून शब्द नव्हता त्याला, नुसता भार होता. त्यानं तोंड उघडलं. वाफ नाही, इथे गुहा नाही, तरी त्यानं श्वास आत धरला आणि वाट पाहिली. आधी बोलून मग ऐकणारं त्याचं तोंड, पहिल्यांदाच, स्वतःच्या पाळीसाठी उभं राहिलं.

तिला काही हलल्याचं जाणवलं असावं. तिनं वर पाहिलं. मान डावीकडे कलती केली.

“काही म्हणालात?”

त्यानं नाही अशी मान हलवली. मग हो अशी. मग पुन्हा काहीच नाही.

सेलचं पाकीट तिच्या डाव्या कोपराशी होतं आणि डबा उजव्या, आणि ती कशाकडे बघते ते कळू नये इतकी मधोमध बघत होती. मग तिनं तळहात टेबलावरून त्याच्यापुढे सरकवला.

“मग तेवढं हे झाकण उघडून द्या,” ती म्हणाली. “माझ्या नखानं निघत नाही.”